पॉइंट काढण्याआधी डिस्ट्रिब्युटर बघा

जुन्या गाडीत इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाकायचं म्हटलं की सगळे एकच सांगतात, पॉइंट आणि कंडेन्सर काढ, मॉड्यूल बसव, दोन वायर जोड, झालं काम. (पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट तोडणारा यांत्रिक स्विच, मॉड्यूल म्हणजे तेच काम करणारा इलेक्ट्रॉनिक.) बसवायला खरंच फार वेळ लागत नाही. पण मी हे काम माझ्या चार सिलिंडरच्या, कार्ब्युरेटरवाल्या इंजिनवर सावकाश, प्रत्येक पायरीला मोजमाप घेत केलं आणि माझं मत आता पक्कं झालंय की मॉड्यूल हा ह्यातला सगळ्यात छोटा भाग आहे. स्पार्क किती जोरात पडतो ही एक गोष्ट आणि स्पार्क नेमका कधी पडतो ही दुसरी, आणि जुनी गाडी बहुतेक वेळा ह्या दुसऱ्या गोष्टीत मार खाते. मॉड्यूल टाकून पहिली गोष्ट सुधारते, दुसरी आपण हात लावल्याशिवाय सुधारत नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, ज्यांच्या डोक्यात हे काम घोळतंय त्यांना उपयोग होईल.

आधी मूळ पद्धत बघू, ती समजली की पुढचं सोपं जातं. पॉइंट-कॉइलचं इग्निशन चार्ल्स केटरिंग यांच्या डेल्कोने बनवलं, १९१० च्या कॅडिलॅकमध्ये ते आलं आणि पुढे साठेक वर्षं बहुतेक पेट्रोल गाड्या ह्याच तत्त्वावर चालल्या. कॉइलमध्ये दोन वाइंडिंग असतात, जाड तारेचं प्रायमरी आणि केसासारख्या बारीक तारेचं सेकंडरी, वेढ्यांचं प्रमाण साधारण एकास शंभर. पॉइंट मिटलेले असताना बॅटरीचा तीन-चार अँपिअर करंट प्रायमरीतून वाहतो आणि आतल्या लोखंडी गाभ्यात चुंबकीय क्षेत्र तयार होतं. डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीने स्पार्क वाटणारा भाग, त्याच्या शाफ्टवरचा कॅम पॉइंट उघडतो, करंट तुटतो, क्षेत्र कोसळतं आणि प्रायमरीत दोन-तीनशे व्होल्ट, सेकंडरीत हजारो व्होल्ट उसळतात, ते रोटर (शाफ्टच्या टोकावर फिरणारा भाग) आणि कॅपमधून ज्या प्लगची पाळी असेल त्याला जातात. कंडेन्सर साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा, पॉइंटला समांतर जोडलेला. त्याचं काम करंट झटकन तुटू देणं. तो नसेल किंवा मेला असेल तर पॉइंट उघडताना त्यांच्याच मध्ये ठिणगी पडते, करंट रेंगाळतो आणि कॉइलमध्ये साठवलेली शक्ती प्लगपर्यंत न जाता पॉइंटवरच जळते. गाडी थंड असताना मस्त चालते, गरम झाली की बंद पडते, थोडा वेळ थांबलं की परत सुरू होते, असं होत असेल तर पेट्रोलच्या मागे लागायच्या आधी कंडेन्सर आणि कॉइल बघा. दोन्ही उष्णतेने दगा देणारे भाग आहेत आणि थंड असताना मीटरवर ठीकच दिसतात.

ही पद्धत वाईट अजिबात नाही. नवे चांगले पॉइंट, गॅप बरोबर, तर स्पार्क चांगलाच पडतो. अडचण आहे ती टिकण्याची. पॉइंटची जी टाच कॅमवर घासते ती प्लास्टिक किंवा फायबरची असते, ती झिजते, झिजली की गॅप कमी होतो, गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतात, म्हणजे टायमिंग, स्पार्क पडायची वेळ, मागे सरकतं. ड्वेल म्हणजे पॉइंट मिटलेले असतानाचा कोन, तो साधारण एक अंशाने बदलला की क्रँकवर टायमिंगही एक अंशाने हलतं. चार सिलिंडरच्या डिस्ट्रिब्युटरला प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला ९० अंश येतात, त्यातले ५० ते ६० अंश ड्वेल असतो. आज तुम्ही टायमिंग अगदी काट्यावर लावलंत तरी काही हजार किलोमीटरनंतर ते तसं राहिलेलं नसतं आणि हे इतकं हळूहळू होतं की चालवणाऱ्याला कळतही नाही, फक्त गाडी थोडी जड वाटायला लागते, पिकअप गेल्यासारखा वाटतो, इंजिन जरा जास्त तापतं. शिवाय पॉइंटच्या एका तोंडावर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा तयार होतो, मग फीलर गेजने गॅप मोजला तरी तो खोटा येतो कारण गेज उंचवट्यावर टेकतं.

दुसरी अडचण वेगाची. हा हिशोब मला फार आवडतो म्हणून मांडतोच. फोर स्ट्रोक, चार सिलिंडर, ६००० आरपीएम म्हणजे मिनिटाला १२,००० स्पार्क, सेकंदाला २००. दोन स्पार्कमध्ये फक्त पाच मिलिसेकंद, आणि ड्वेल ६० अंश धरला तर त्यातले साडेतीनपेक्षाही कमी मिलिसेकंद कॉइल भरायला मिळतात. आयडलला ८०० आरपीएमवर हाच वेळ २५ मिलिसेकंद असतो. कॉइलमध्ये करंट एकदम चढत नाही, त्याला वेळ लागतो, आणि साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. करंट अर्ध्यावरच राहिला तर ऊर्जा पावच उरते. त्यात वर जास्त आरपीएमला पॉइंटची स्प्रिंग कमी पडली की ते आपटून पुन्हा उसळतात, मिटायचा वेळ आणखी कमी होतो. वरच्या रेंजमध्ये गाडी मिसिंग करते आणि खाली छान चालते ह्याचं एक कारण हे.

म्हणून मग ट्रान्झिस्टर आले. १९६३ मध्येच पाँटिअॅकने ऑप्शन म्हणून ट्रान्झिस्टर इग्निशन दिलं होतं, क्रायस्लरने १९७३ पर्यंत आपल्या सगळ्या अमेरिकन गाड्यांना इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिलं, जनरल मोटर्सचं एचईआय (हाय एनर्जी इग्निशन) १९७५ मध्ये सगळीकडे आलं. आज आपण जुन्या डिस्ट्रिब्युटरमध्ये जे मॉड्यूल बसवतो त्यातले बरेचसे हॉल इफेक्टचे, म्हणजे चुंबकीय क्षेत्र ओळखणाऱ्या सेन्सरचे असतात. एडविन हॉल यांनी हा परिणाम १८७९ मध्ये शोधला, मोटारी रस्त्यावर यायच्याही आधी. शाफ्टवर चुंबकांची एक रिंग बसते, समोर सेन्सर, चुंबक समोरून गेला की सेन्सर ट्रान्झिस्टरला सांगतो आणि तो करंट तोडतो. घासणारं काही नाही, झिजणारं काही नाही, उसळणं नाही. काही मॉड्यूलमध्ये चुंबकाऐवजी प्रकाशाचा किरण आणि भोकं असलेली चकती असते, कल्पना तीच.

आता एक गोष्ट जी जाहिरातीत येत नाही. साध्या हॉल मॉड्यूलवर करंट वाहताना साधारण एक व्होल्ट पडतो. चांगल्या, स्वच्छ पॉइंटवर पाव व्होल्टसुद्धा पडत नाही. म्हणजे तीच जुनी कॉइल ठेवून फक्त मॉड्यूल बदललं तर नव्या पॉइंटपेक्षा जोरदार स्पार्क मिळेलच असं नाही. जे मिळतं ते सातत्य. आज जसं आहे तसंच वर्षभराने, आणि चारही सिलिंडरला सारखं. मला विचाराल तर एवढ्यासाठीसुद्धा बदलायला हरकत नाही, पण "स्पार्क दुप्पट झाला" वगैरे ऐकलं की विश्वास ठेवू नका.

तसंच कॉइलवर लिहिलेल्या ४०,००० व्होल्टचं. प्लगच्या गॅपमध्ये ठिणगी पडायला जेवढं व्होल्टेज लागतं तेवढंच तयार होतं, तिथे हवा फुटली की व्होल्टेज पुढे चढतच नाही. किती लागेल हे गॅप, सिलिंडरमधला दाब, मिश्रण आणि प्लगच्या टोकाची अवस्था ह्यावर ठरतं. आयडलला काही हजारांत भागतं, पूर्ण थ्रॉटलवर बरंच जास्त लागतं. मोठी कॉइल म्हणजे राखीव ताकद, ती लागेल तेव्हा वापरली जाते, एरवी नाही. म्हणून मोठी कॉइल टाकली आणि प्लगचा गॅप जुनाच ०.६ मिलिमीटर ठेवला तर फरक जाणवणार नाही. गॅप थोडा वाढवला, ०.८ ते ०.९, की ठिणगी लांब होते, मिश्रणाला जास्त जागा मिळते पेटायला, आणि आयडल खरंच गुळगुळीत होतं. पण गॅप वाढला की कॅप, रोटर, प्लग वायर ह्या सगळ्यांवर ताण वाढतो, जिथे कुठे बारीक तडा असेल तिथून करंट पळतो. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवून बघा, कुठे निळसर ठिणग्या दिसल्या तर तिथे गळती आहे.

बरं, आता कामाकडे येतो. मॉड्यूलचा डबा उघडायच्या आधी मी मल्टिमीटर घेतला. इग्निशन ऑन, पॉइंट मिटलेले, बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून कॉइलच्या प्लसपर्यंत किती व्होल्ट पडतात ते मोजलं. बॅलस्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट कमी करायला वाटेत लावलेला रेझिस्टर) नसलेल्या गाडीत हे अर्ध्या व्होल्टच्या आत असायला पाहिजे, माझ्याकडे दोन व्होल्टच्या आसपास होतं. जुना इग्निशन स्विच, जुने फ्यूज क्लिप, हिरवट झालेले कनेक्टर, प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं. सेल्फ मारताना बॅटरी दहा व्होल्टवर येते, त्यातले दोन वाटेत गेले तर कॉइलला उरतं काय! आणि नेमकं तेव्हाच, थंड इंजिन, चोक ओढलेला, तेव्हाच स्पार्क सगळ्यात जास्त लागतो. ह्यावर उपाय साधा आहे, एक रिले लावायचा, इग्निशन स्विचची जुनी वायर फक्त रिले ओढेल आणि बॅटरीपासून फ्यूज टाकून नवी वायर सरळ कॉइलला. एवढं केल्यावर पॉइंट तसेच असतानाच गाडी पहिल्या सेल्फला सुरू व्हायला लागली. मी म्हणेन की कोणाला इलेक्ट्रॉनिक टाकायचं नसेल तरी हे करावंच.

मायनस बाजूही तितकीच महत्त्वाची. इंजिन ते बॉडी, बॉडी ते बॅटरी, हे अर्थचे पट्टे काढून पॉलिश पेपरने घासून परत लावा. आणि डिस्ट्रिब्युटरच्या आत बेस प्लेटपासून बॉडीला जाणारी एक छोटी विणलेली वायर असते ती बघा. व्हॅक्यूम अॅडव्हान्सने (हलक्या थ्रॉटलला स्पार्क आधी पाडणारी व्हॅक्यूमची डबी, पुढे येईलच) प्लेट हलते तशी ती वायर हजारो वेळा वाकते, आणि आतून तुटलेली असली तरी बाहेरून धड दिसते. मॉड्यूल ह्याच प्लेटवर बसतं, त्यामुळे ही वायर गेली तर नवं मॉड्यूलही लहर लागेल तसं वागतं आणि आपण मॉड्यूलला शिव्या घालतो.

मग डिस्ट्रिब्युटर बाहेर काढला. काढण्याआधी रोटर कुठे बघतोय आणि बॉडी ब्लॉकवर कुठे आहे ह्याच्या खुणा केल्या आणि फोटो काढले, हे प्रत्येकाने करावं. शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघितला, हलत होता. बुश झिजलेलं. पॉइंटवाल्या सिस्टिममध्ये शाफ्ट हलला की गॅपच बदलतो, प्रत्येक सिलिंडरला वेगळा, म्हणून टायमिंग नाचतं. मॉड्यूलला ह्याचा त्रास कमी होतो पण जात नाही, कारण रोटरची आणि चुंबकाच्या रिंगची जागाही हलतेच. बुश नवं बसवून घेतलं, त्यासाठी लेथ आणि रीमर लागतो, घरी होण्यासारखं नाही.

आणि बुशपेक्षा मोठी गोष्ट खाली होती, सेंट्रिफ्यूगल अॅडव्हान्सची वजनं. हा भाग मला सगळ्यात जिव्हाळ्याचा आहे म्हणून जरा थांबतो.

स्पार्क पिस्टन वर पोचायच्या आधीच का पाडायचा? कारण पेट्रोल-हवेचं मिश्रण एका क्षणात पेटत नाही, ज्योत पसरायला वेळ लागतो, आणि दाब सगळ्यात जास्त व्हायला पाहिजे तो पिस्टन वरून थोडा खाली यायला लागल्यावर. झोक्याला धक्का जसा तो मागे येऊन पुन्हा पुढे निघताना दिला तरच लागू पडतो तसं. आधी दिला तर झोका आपल्याच हातावर आपटतो, उशिरा दिला तर हात हवेत. आता १००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात सहा अंश फिरतो, ३००० ला अठरा, ५००० ला तीस. ज्योतीला लागणारा वेळ त्या प्रमाणात कमी होत नाही (सिलिंडरमधला घुसळा वाढतो म्हणून थोडी मदत होते, पण पूर्ण नाही) म्हणून वेग वाढला की स्पार्क आणखी आधी पाडावा लागतो. हे काम दोन छोटी वजनं आणि दोन स्प्रिंगा करतात. शाफ्ट जोरात फिरला की वजनं बाहेर सरकतात आणि कॅमला पुढे वळवतात. दोन स्प्रिंगा बऱ्याचदा वेगवेगळ्या असतात, एक हलकी लगेच ताणली जाणारी आणि दुसरी जाड, जिचं भोक मुद्दाम लांबट असतं म्हणजे ती उशिरा कामाला लागते. त्यामुळे अॅडव्हान्स आधी भराभर आणि नंतर सावकाश वाढतो. ही जाड स्प्रिंग ढिली दिसते म्हणून "खराब झाली" असं समजून काही जण चिमट्याने घट्ट करतात, तसं करू नका, ती तशीच असायला हवी.

माझ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये वजनं जुन्या वाळलेल्या ग्रीसमध्ये अडकलेली होती. एक कसंबसं हलायचं, दुसरं नाहीच. म्हणजे गाडी कित्येक वर्षं आयडलच्याच टायमिंगवर हायवेला धावत होती. सगळं सुटं करून रॉकेलमध्ये धुतलं, पिनांवर पातळ तेल, वजनं बोटाने बाहेर ओढून सोडली की टिचकन परत यायला लागली. व्हॅक्यूमची डबी तपासायला तोंडाने पाइप ओढून जिभेने बंद करायचा, प्लेट हलायला पाहिजे आणि तिथेच थांबायला पाहिजे, परत यायला लागली तर आतला पडदा फाटलाय. माझा धड होता. व्हॅक्यूम अॅडव्हान्स हलक्या थ्रॉटलसाठी असतो, तेव्हा सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ असतं, विरळ मिश्रण सावकाश जळतं, म्हणून आणखी थोडा अॅडव्हान्स. ताकदीसाठी त्याचा उपयोग नाही, पण मायलेज आणि इंजिनचं तापमान ह्यासाठी आहे, आणि रोजच्या चालवण्यात आपण बहुतेक वेळ हलक्या थ्रॉटलवरच असतो. तो बंद करून ठेवण्याचा सल्ला देणारे बरेच भेटतात, मला तो पटत नाही.

इतकं सगळं झाल्यावर मॉड्यूल बसवलं. बेस प्लेटवर दोन स्क्रू, शाफ्टवर रिंग दाबून बसवायची, रिंग आणि सेन्सरमधलं अंतर ज्याच्या त्याच्या पत्रकात दिलेलं असतं, बऱ्याच ठिकाणी पाऊण मिलिमीटरच्या आसपास. वायर फिरणाऱ्या भागाला घासणार नाहीत आणि प्लेट हलली तरी ताणल्या जाणार नाहीत इतक्या सैल. कंडेन्सर काढून टाकायचा. मग कॅप लावायच्या आधी हाताने इंजिन पूर्ण फिरवून बघायचं काही अडत नाही ना.

वायर जोडण्याआधी तीन गोष्टी तपासा, कारण ह्यात मॉड्यूल एका सेकंदात जळतं. पहिली, गाडीचं अर्थ निगेटिव्ह आहे का पॉझिटिव्ह, म्हणजे बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय. जुन्या ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थ असायच्या, एमजीबी तर १९६७ पर्यंत तशीच येत होती, आणि मधल्या काळात कोणीतरी बदललेलंही असू शकतं, म्हणून बॅटरीची वायर डोळ्याने बघा, मॅन्युअलवर जाऊ नका. दुसरी, कॉइलचा रेझिस्टन्स. दोन्ही वायर काढून, थंड असताना, प्लस-मायनसमध्ये मोजायचा आणि मीटरच्या वायरींचा स्वतःचा वजा करायचा. साध्या १२ व्होल्टच्या कॉइलला तीन ओहमच्या आसपास येतो, बॅलस्टवाल्या कॉइलला दीड. चार सिलिंडरच्या साध्या मॉड्यूलला सहसा तीन ओहमचीच कॉइल लागते. दीड ओहमची कॉइल बॅलस्टशिवाय लावली तर साडेतेरा व्होल्टला नऊ अँपिअर करंट वाहू शकतो, कॉइलही तापते आणि मॉड्यूलही. तिसरी, बॅलस्ट आहे का. कधी तो फायरवॉलवर चिनी मातीचा पांढरा तुकडा म्हणून दिसतो, कधी वायरिंगमध्येच गुंडाळलेली रेझिस्टन्स वायर असते आणि दिसतच नाही, म्हणून मोजा. बॅलस्ट असेल तर मॉड्यूलचा सप्लाय बॅलस्टच्या आधीपासून घ्यायचा, त्याला पूर्ण बारा व्होल्ट हवेत, आणि कॉइल बॅलस्टमधूनच राहू द्यायची.

कॉइलच्या प्लस-मायनसबद्दलही एक सांगायला हवं. उलटी जोडली तरी गाडी चालते म्हणून लोक लक्ष देत नाहीत. पण प्लगचा मधला इलेक्ट्रोड गरम असतो, गरम धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात, म्हणून तो निगेटिव्ह असला की कमी व्होल्टेजला ठिणगी पडते. उलटं जोडलं की तेवढ्याच स्पार्कला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणजे नवीन कॉइलचा फायदा आपण आपल्याच हाताने घालवतो. अर्थ पॉझिटिव्हचा निगेटिव्ह केलेल्या गाड्यांत हे हमखास राहून गेलेलं असतं.

प्लग वायर रेझिस्टन्सवाल्याच घ्या, कार्बनच्या किंवा स्पायरलच्या. नुसत्या तांब्याच्या वायरी दिसायला जुन्या आणि छान वाटतात पण त्यातून जो रेडिओ गोंगाट निघतो त्याने मॉड्यूल गोंधळतं, गाडी विनाकारण मिसिंग करते. रोटर आणि कॅप चांगल्या दर्जाचे घ्या, ह्या दोन ठिकाणी काटकसर करू नका. हलक्या रोटरमध्ये पितळी पट्टी धरणारा रिव्हेट शाफ्टच्या फार जवळ येतो आणि स्पार्क प्लगला न जाता रोटरमधूनच खाली शाफ्टला उडतो. इंजिन एकदम बंद आणि बाहेरून सगळं ठीक दिसतं.

एक काळजी कायमची. इंजिन बंद ठेवून इग्निशन ऑन ठेवायची नाही. साध्या मॉड्यूलना आपोआप करंट बंद करायची सोय नसते, कॉइल आणि मॉड्यूल दोन्ही तापत राहतात. गाणी ऐकायची तर अॅक्सेसरीच्या पोझिशनवर. आणि स्पार्क आहे का बघायला प्लगची वायर हवेत मोकळी सोडून सेल्फ मारायचा नाही, व्होल्टेजला वाट मिळाली नाही तर ते कॉइल किंवा मॉड्यूल फोडून वाट काढतं. प्लग वायरला लावून त्याची बॉडी इंजिनला टेकवून ठेवा, हातात धरू नका.

आता टायमिंग. स्ट्रोब लाइट (प्रत्येक स्पार्कला चमकणारा दिवा) लावायच्या आधी पुलीवरची खूण खरी आहे ना हे बघायला हवं. ज्या इंजिनांना दोन भागांची, मध्ये रबर असलेली पुली असते त्यात रबर जुनं झालं की बाहेरची रिंग सरकते आणि खूण काही अंश खोटी होते. प्लगच्या भोकातून पिस्टन स्टॉप घालून इंजिन दोन्ही बाजूंनी हाताने अलगद फिरवायचं, जिथे जिथे अडतं तिथे पुलीवर खूण करायची, दोन खुणांचा बरोबर मध्य म्हणजे टॉप डेड सेंटर. मग व्हॅक्यूमचा पाइप काढून त्याचं तोंड बंद करून आयडलला टायमिंग बघायचं, आणि तिथेच थांबायचं नाही. हळूहळू रेस देत साडेतीन हजारपर्यंत जायचं आणि खूण कशी सरकते ते बघायचं. सरळ, न अडखळता पुढे जायला पाहिजे, एका जागी थांबायला पाहिजे आणि रेस सोडली की परत मूळ जागी. बऱ्याच जुन्या इंजिनांना एकूण मेकॅनिकल अॅडव्हान्स ३० ते ३५ अंशांच्या मध्ये लागतो, पण तुमच्या इंजिनचा आकडा मॅन्युअलमधला घ्या. मला विचाराल तर हा वरचा आकडा आयडलच्या आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाचा, कारण इंजिनचं नुकसान तिथे होतं. आयडल एखाददुसरा अंश इकडेतिकडे झाला तर फक्त स्लो थोडा बदलतो, वर जास्त झाला तर पिस्टन जातो. रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये कमी वेगाने चढावर पूर्ण थ्रॉटल द्या, टणटण असं नॉकिंग ऐकू आलं तर दोन अंश मागे घ्या.

माझ्या गाडीत आधी खूण स्ट्रोबमध्ये दोन-तीन अंशांत नाचायची, आता एका जागी चिकटल्यासारखी दिसते. रेस दिली की पुढे जाते, सोडली की परत येते. आयडलला एक्झॉस्टचा आवाज एकसारखा झाला, मग कार्ब्युरेटर परत ट्यून करावा लागला कारण आधीचं ट्यूनिंग हे कमकुवत इग्निशन झाकायला जाड, म्हणजे जास्त पेट्रोलच्या मिश्रणावर केलेलं होतं. स्क्रू बराच आत गेला. प्लगांचा रंग काळसर होता तो आता तपकिरी येतो. तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढताना जो मधेच श्वास अडकल्यासारखा व्हायचा तो गेला, आणि हे जास्त करून त्या मोकळ्या झालेल्या वजनांमुळे आहे असं माझं स्पष्ट मत आहे, कारण मी मॉड्यूल टाकायच्या आधी पॉइंटसकट एकदा गाडी चालवून बघितली होती आणि फरक तेव्हाच आला होता. मॉड्यूलने तो टिकवला.

टॅकोमीटरचं मात्र वेगळं. जुन्या काही टॅकोमीटरमधून कॉइलच्या सप्लायची वायर एक वेढा घेऊन जाते, तो करंटचे झटके मोजतो, व्होल्टेजचे नाही. तुम्ही माझ्यासारखी रिलेपासून नवी वायर सरळ कॉइलला दिलीत तर टॅकोमीटर शून्यावर बसतो, कारण करंट आता त्याच्यातून जातच नाही. नवी वायर त्या वेढ्यातून फिरवून घ्या. तरीही काटा उड्या मारत असेल तर आतला सर्किट बोर्ड बदलून व्होल्टेजवर चालणारा करून घेता येतो, डायल तीच राहते.

ह्यापुढे जायचं असेल तर रस्ते बरेच आहेत. सीडीआय म्हणजे कपॅसिटर चारेकशे व्होल्टला भरून तो कॉइलमध्ये एकदम रिकामा करायचा. व्होल्टेज भयंकर वेगाने चढतं, तेलकट झालेला प्लगही पेटतो, पण ठिणगी फार थोडा वेळ टिकते, म्हणून कमी आरपीएमला काही सीडीआय एकापाठोपाठ अनेक ठिणग्या पाडतात. रोजच्या रस्त्यावरच्या गाडीला साधी कॉइलची, मिलिसेकंदभर टिकणारी ठिणगी मला जास्त योग्य वाटते. दुसरा रस्ता पूर्ण इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर, बाहेरून जुन्यासारखाच, पण आत वजनं-स्प्रिंगा नाहीत, अॅडव्हान्सची वक्ररेषा आपण निवडायची किंवा फोनवरून आखायची. ज्यांच्या डिस्ट्रिब्युटरची बॉडीच संपली आहे त्यांनी बुशवर खर्च करण्यापेक्षा हाच घ्यावा. तिसरा म्हणजे डिस्ट्रिब्युटरच काढून टाकायचा, क्रँकच्या पुलीवर दातांचं चाक, ३६ पैकी एक दात गाळलेला, सेन्सर ती गाळलेली जागा ओळखतो आणि दोन-दोन सिलिंडरला एक कॉइल. ठिणगी दोन्ही सिलिंडरमध्ये एकदम पडते, एकात कामाची, दुसऱ्यात एक्झॉस्ट चालू असताना वाया. हे नवीन वाटतं पण सित्रोएन टूसीव्ही ह्या जुन्या फ्रेंच गाडीत कित्येक दशकं डिस्ट्रिब्युटर नव्हताच, दोन सिलिंडरला एकच कॉइल आणि हीच पद्धत, फक्त पॉइंट लावून.

मी मात्र वजनांवरच थांबलोय. रोटर काढून शाफ्टच्या टोकावरच्या फेल्टवर दोन थेंब तेल, कॅप आतून पुसायची, प्लगचा गॅप बघायचा, वर्षातून एकदा स्ट्रोब लावून खूण सरकते का ते बघायचं, इतकंच आता उरलंय. पॉइंट, कंडेन्सर आणि गॅप लावून ठेवलेली जुनी बेस प्लेट एका डब्यात डिकीत आहे, सोबत स्क्रूड्रायव्हर आणि फीलर गेज, कारण मॉड्यूल जातं तेव्हा आधी काही न सांगता जातं आणि रस्त्याच्या कडेला ते दुरुस्त होत नाही, पॉइंट होतात.